अठरा घटका आधीच्या, बेचाळीस घटका नंतरच्या

आपल्या पत्राचा आशय आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे बोलणे कशाविषयी आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपण पहिलीच कादंबरी लिहीत आहात. मोडी शिकणारा आजचा एक तरुण ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी शनिवारवाड्यातील एका कारकुनाच्या देहात जागा होतो, दुपारी नारायणराव पेशव्यांचा खून होतो, आणि पुढचा दिवस उजाडण्याऐवजी तोच दिवस पुन्हा सुरू होतो. तीन प्रकरणे झाल्यावर आपण अडकला आहात, कारण तिसऱ्या फेरीतच लिहिणाऱ्याला कंटाळा आला. फेऱ्या किती असाव्यात, नायकाला नारायणरावांना वाचवता यावे की नाही, प्रत्येक फेरीत त्याचा देह बदलावा का आणि भाषा कोणती ठेवावी, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत. मी बरीच वर्षे मोडी कागद वाचतो आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखिते छापण्याआधी तपासून देतो. त्या दोन्ही कामांच्या आधारे उत्तर देतो, मात्र सुरुवात आपण न विचारलेल्या पाचव्या प्रश्नापासून करतो.

आपला दिवस सुरू केव्हा होतो? आपल्या हस्तलिखितात नायक रात्री बाराच्या ठोक्याला मागे फेकला जातो. त्या वाड्यात रात्री बाराला काहीच बदलत नसे. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, आणि सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. तो दिवस शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा, सोमवारचा. परंतु त्याच कारकुनाच्या हाताखालच्या कागदांवर शुहूर सन अर्बा सबैन मया व अलफ (म्हणजे अरबी शब्दांत ११७४) आणि मुसलमानी महिना जमादिलाखरही येतो, आणि हिजरी गणनेतला दिवस सूर्यास्ताला बदलतो. मध्यरात्रीला दिवस बदलणारा माणूस त्या काळी पुण्यात असलाच तर तो म्हणजे मुंबईकर इंग्रजांचा वकील मॉस्टिन. म्हणजे एकाच शहरात दिवसाचे तीन आरंभ होते, आणि आपण नेमका तिथल्या बहुतेकांना परका असलेला आरंभ निवडला आहे.

हे केवळ चूक काढण्यासाठी सांगत नाही. कालचक्राच्या कादंबरीत "पुन्हा तेच" हा क्षण वाचकाच्या अंगवळणी पडावा लागतो, आणि तो क्षण त्या जगाच्या मोजमापातला असेल तरच पडतो. सूर्योदय धरा. साठ पळांची एक घटका, साठ घटकांचे एक अहोरात्र, म्हणजे आपल्या हिशेबाने घटका २४ मिनिटांची. खून दुपारच्या भोजनानंतर, विश्रांतीच्या वेळी झाला. तो एकच्या सुमाराचा धरला तर सूर्योदयापासून सुमारे १८ घटका होतात. नायकाकडे खुनाआधी १८ घटका आहेत आणि खुनानंतर ४२. आपल्या तिन्ही प्रकरणांत तो १८ घटकांतच धावतो आणि नारायणराव पडले की प्रकरण संपते. कंटाळ्याचे निम्मे कारण इथेच आहे. उरलेल्या ४२ घटकांत वाड्याचा ताबा कोणाकडे गेला, गारद्यांना, म्हणजे वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांना, दिलेल्या वचनांचा तगादा कोणाकडे लागला, देह कोणत्या दाराने निघाला, नदीकाठी रात्री अग्नी कोणी दिला, कोण घरी गेले आणि कोण वाड्यातच थांबले, हे सारे घडते. रहस्यकथेला लागणारा माल खुनानंतरच्या वेळेत असतो, कारण दोषी माणूस त्याच वेळी हिशेब मिटवत असतो.

घटका मोजण्याचे भांडे, म्हणजे घटिकापात्र, कारकुनाच्या हाताशी नसते, म्हणून वाचकाला वेळ कळावी यासाठी एक सोय सुचवतो. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी आहे. अनंताच्या दोऱ्याला चौदा गाठी असतात. वाड्यातली एखादी वृद्धा सकाळपासून सवडीसवडीने त्या गाठी मारीत बसली आहे असे दाखवा. नायक तिच्यासमोरून जाताना पाच गाठी झालेल्या असल्या की अजून वेळ आहे, अकरा झालेल्या असल्या की गारदी दाराशी आलेले आहेत. ज्या चतुर्दशीसाठी ती दोरा करते आहे ती नायकाच्या जगात कधीच उगवत नाही, ही गोष्ट वाचकाच्या ध्यानात आपोआप येईल. कृपा करून ती एखाद्या पात्राच्या तोंडी घालू नका.

आता वाचवण्याचा प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे: वाचवता येऊ नये, आणि त्याचे कारण "इतिहास बदलता येत नाही" हा ठरीव नियम नसावे. त्या दिवसाची जी हकीकत आपल्यापर्यंत आली आहे तीत सूचना देणारा माणूस आधीच आहे. नारायणराव सकाळी पर्वतीस जाऊन आले, कटाची कुणकुण त्यांच्या कानावर आली, रघूजी आंग्रे यांनी त्यांना सावध केले, आणि गारद्यांच्या बंदोबस्ताचे काम हरिपंत फडक्यांकडे सोपवले गेले. हरिपंत आधी भोजनास गेले. एवढेच. पुढचे सारे त्या एका जेवणाच्या अवधीत घडले.

आपला नायक धापा टाकीत येऊन "श्रीमंत, आज घात आहे" असे सांगतो तेव्हा तो नवे काहीच सांगत नसतो. जे ठाऊक होते ते त्याने पुन्हा सांगितले, आणि ठाऊक असूनही काम दुपारवर ढकलले गेले. अठरा वर्षांचा पेशवा, थोरले बंधू माधवराव थेऊरला वारून वर्षही झालेले नाही, चुलता राघोबादादा त्याच वाड्यात नजरकैदेत, गारदी थकलेल्या पगारासाठी रोजच गलका करतात. अशा घरात "आज घात आहे" हे वाक्य दर आठवड्याला कोणीतरी बोलत असणार. नायकाच्या शब्दाला वजन का येत नाही, याचे उत्तर या घरात शोधावे. तो कारकून आहे म्हणून कोणी ऐकत नाही, हे आपण दिलेले कारण फार वरवरचे आहे. दुसऱ्या फेरीत त्याला हरिपंतांच्या पंगतीच्या दाराशी उभे करा. तो आत जाऊ शकत नाही, सोवळ्यातल्या माणसाला हाक मारू शकत नाही, आणि वाढप चालू आहे. त्या दारातल्या दोन घटकांत जो ताण आहे तो आपल्या तलवारीच्या तिन्ही प्रसंगांत मिळून नाही.

वाचवणे बाजूला काढले की कथेला दुसरा प्रश्न लागतो, आणि तो या घटनेत तयारच आहे. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत "नारायणरावांस धरावे" असे होते, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी "ध"चा "मा" केला आणि "मारावे" झाले, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात ती आली आहे, न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीशी ती जोडली गेली आहे, आणि इतिहासकारांनी तिच्याविषयी शंकाही पुष्कळ घेतल्या आहेत. आपण ती सिद्ध झालेली धरून पुढे गेला आहात. आपला नायक पहिल्याच फेरीत "आनंदीबाईच दोषी" म्हणून मोकळा होतो. मग पुढच्या फेऱ्या कशासाठी? सारा दोष घरातल्या एका बाईच्या माथी मारून मोकळे होण्याची सवय जुनी आहे. निदान रहस्यकथा लिहिणाराने तरी तिच्यावर संशय घ्यावा.

इथे मोडी वाचणारा म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मोडी लिहिताना आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढतात आणि मग अक्षरे तिला खाली टांगत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. बोरू शक्य तितका न उचलता लिहायचे असल्याने एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरात जाते. आता "नारायणरावांसधरावे" अशा सलग ओळीत "ध" काढून "मा" बसवायचा. अक्षर नुसते बदलून भागत नाही, काना आत घुसवायला "र"च्या आधी जागा लागते, आणि ती जागा लिहिणाराने सोडलेली नसते. मी एकदा कुतूहलापोटी जाड कागदावर काजळीच्या शाईने "धरावे" लिहिले, वाळू पसरून सुकवले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे "मारावे" करून पाहिले. चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा जुन्या फाट्याचा डाग राहिला आणि "र" दाटीत सापडल्यासारखा दिसू लागला. माझा हात त्या काळच्या फडावरच्या, म्हणजे दफ्तरातल्या, कारकुनाइतका सफाईचा नाही हे मान्य, पण त्या काळचा वाचणाराही माझ्यापेक्षा तरबेज होता. अशी खोड त्याच्या नजरेतून सुटली असती हे मला पटत नाही.

म्हणून कादंबरीकाराने विचारायचा प्रश्न असा: बदल खरोखर झाला असेल, तर तो झालेल्या कागदावर झाला की नव्याने लिहिलेल्या नकलेत झाला? मसुदा एकाचा, स्वच्छ प्रत दुसऱ्याची, पोहोचवणारा तिसरा, वाचून दाखवणारा चौथा. राघोबादादा चौकीपहाऱ्यात आहेत, त्यांचा सेवक तुळाजी पवार ये-जा करतो, सुमेरसिंग आणि महंमद इसफ हे गारद्यांचे जमादार बाहेर आहेत. जमादार चिठ्ठी स्वतः वाचतात की कोणाकडून वाचून घेतात? वाचणाराने "धरावे" लिहिलेले असताना "मारावे" म्हटले तर कागदावर खोड राहत नाही. एवढे ध्यानात घेतले की आपल्याकडे चार संशयित होतात आणि चौघांच्या मागे वेगवेगळी कारणे उभी राहतात: नागपूरकर भोसल्यांच्या वारसाच्या तंट्यात नारायणरावांनी साबाजींची बाजू घेतल्याने बिथरलेले मुधोजींचे लोक, थकलेला पगार, घरातले भाऊबंदकीचे वैर, आणि नुसती भीती. अर्धवट केलेल्या बंडाची शिक्षा पुऱ्या बंडाइतकीच असते, हे गारद्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्याला आता साहजिकच सुचेल की चिठ्ठीची स्वच्छ प्रत नायक ज्या कारकुनाच्या देहात आहे त्याच्याच हातची निघावी. जरूर निघावी, पण हे वाचकालाही चौथ्या फेरीपर्यंत सुचलेले असणार. म्हणून ते शेवटासाठी राखून ठेवू नका. तिसऱ्या फेरीतच नायकाला आपल्या बोटांवरची शाई आणि कागदावरचे वळण जुळताना दिसू द्या, आणि मग कथेला खरा प्रश्न मिळतो: मी काय लिहिले, हे मला आठवत का नाही? देह त्याचा आहे, स्मरण त्याचे नाही. सूर्योदयाला तो जागा होतो तेव्हा चिठ्ठी आधीच लिहून झालेली आहे, त्यामुळे कितीही फेऱ्या केल्या तरी तो त्या क्षणापर्यंत पोहोचू शकत नाही. त्याला ते दुसऱ्यांच्या तोंडूनच काढून घ्यावे लागेल. कालचक्र जिथे सुरू होते त्याच्या जरा आधी गुन्ह्याचे मूळ ठेवणे, ही या प्रकारातली सगळ्यात उपयोगी युक्ती आहे.

यातून देह बदलण्याच्या प्रश्नाचे उत्तर निघते. बदलू नका. प्रत्येक फेरीत नवा देह दिला तर नायकाला सगळीकडे जाता येते, आणि सगळीकडे जाता आले की गूढ उरत नाही. अठराव्या शतकातल्या वाड्यात प्रत्येक उंबरठ्याला नियम आहे. कारकून मुदपाकखान्यात शिरू शकत नाही, जनान्यात तर नाहीच. आनंदीबाई काय बोलल्या हे त्याला कधीच प्रत्यक्ष ऐकू येणार नाही, ते दासीकडून कळेल, आणि त्या दुपारी मारल्या गेलेल्या ११ जणांत दोन दासी होत्या असे सांगितले जाते. म्हणजे साक्षीदार दुपारनंतर उपलब्धच नाही. तिच्याशी बोलायचे तर १८ घटकांच्या आतच, आणि त्या फेरीत मग हरिपंत हुकतात. अशा अडचणी मुद्दाम तयार कराव्या लागत नाहीत, वाड्याच्या रचनेतच त्या आहेत.

फेऱ्यांची संख्याही यावरूनच ठरते. एक माणूस त्या दिवशी कोठेकोठे उभा राहू शकतो त्या जागा कागदावर मांडा: पर्वतीचा पायथा, फड, हरिपंतांच्या पंगतीचे दार, राघोबादादांच्या महालाबाहेरचा चौक, दिल्ली दरवाजा, रात्रीचा नदीकाठ. माझ्या हिशेबाने सात-आठ होतात. तेवढ्याच फेऱ्या पूर्ण लिहा, बाकीच्या शंभर असल्या तरी एका वाक्यात संपवा. वेताळाच्या गोष्टीत राजा दर खेपेला त्याच झाडाशी जातो, तेच प्रेत खांद्यावर घेतो, पण सांगणारा ती वाट पुन्हा पुन्हा वर्णन करीत बसत नाही. "राजा मागे फिरला" एवढे पुरते. मराठी वाचकाला ही चाल लहानपणापासून ठाऊक आहे, तिच्यावर विश्वास ठेवा. आपल्या तिसऱ्या प्रकरणात नायक उठल्यापासून फडावर जाईपर्यंतची साडेचार पाने पहिल्या प्रकरणासारखीच आहेत. ती काढावीत.

प्रत्येक फेरीला वेगळ्या कागदाचे रूप देता आले तर उत्तम. एक फेरी जबानीसारखी, प्रश्न आणि उत्तर. एक रोजकीर्दीसारखी, जिथे नुसते खर्चाचे आकडे आहेत आणि त्यांतला एक आकडा चुकीच्या जागी आहे. एक करिन्यासारखी, आपली बाजू मांडणारी आणि म्हणून संशयास्पद. एक फेरी बखरीच्या थाटाची, जिथे सांगणारा तेथे नव्हताच पण सगळे पाहिल्यासारखे सांगतो. इतिहासाच्या अभ्यासात एकच दिवस आम्ही असाच पुन्हा पुन्हा जगतो, जुने कागद बांधून ठेवलेल्या एका रुमालातून दुसऱ्या रुमालात. नवा रुमाल सोडला की घड्यांतून जुनी वाळू मांडीवर सांडते आणि तीच दुपार वेगळ्या माणसाच्या हस्ताक्षरात सुरू होते. चौकशीला बसलेल्या रामशास्त्र्यांचीही तीच अवस्था झाली असणार. त्यांना शेवटच्या प्रकरणात आणायचे असेल तर या जबान्यांचे ऐकणारे म्हणून आणा. राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा बाणेदार न्यायाधीश हे चित्र वाचकाने शंभरदा पाहिले आहे.

काळाशी न जुळणाऱ्या काही गोष्टी हस्तलिखितात दिसल्या त्या झटपट सांगतो. नायक "नारायण दरवाजा" म्हणतो, पण त्या दिवशी तो जांभूळ दरवाजा होता. नारायणरावांचा देह तेथून नेला म्हणून दुसरे नाव पडले असे सांगतात, तेव्हा ते नाव निदान दुपारपर्यंत तरी कोणाच्या तोंडी येऊ नये. हजारी कारंजे सवाई माधवरावांच्या वेळचे, ते काढा. बटाट्याची भाजी काढा. काडेपेटी तर काढाच, त्या दिवशी विस्तव दुसऱ्या चुलीतून आणावा लागे. लकडी पूल मात्र राहू द्या, तो पानिपतच्या वर्षापासून आहे.

भाषेबद्दल थोडक्यात. कथन आजच्या मराठीत ठेवा, कारण पाहणारा आजचा आहे. संवादांत फारसी शब्द पेरून जुनेपण आणण्याचा मोह टाळा. "मसलत", "बंदोबस्त", "तगादा", "पहारा", "हवाली" हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत, तेवढ्यावर काम भागते. संबोधने मात्र काटेकोर हवीत. "श्रीमंत" (पेशवे) आणि "दादासाहेब" (राघोबा) यांत घोटाळा झाला तर जाणता वाचक पुस्तक तेथेच मिटतो. आपण राघोबांना भर चौकात कारकुनाकडून "राघोबा" अशी हाक मारवली आहे, ती पुढच्याच ओळीत त्याच्या मानेवर बेतली असती.

राहिला शेवट, म्हणजे नायक या दिवसातून सुटतो कसा. गुन्हेगार सापडला आणि दिवस पुढे सरकला, हा शेवट आपण आराखड्यात लिहिला आहे, तो मला पुरेसा वाटत नाही. त्याऐवजी एक तारीख पाहा. नारायणरावांची पत्नी गंगाबाई पुढे पुरंदरावर प्रसूत झाल्या आणि सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. मागे मोजले तर ३० ऑगस्टला त्यांना जेमतेम महिना उलटलेला असणार, बहुधा त्यांनाही खात्री नसेल. त्या दिवशी वाड्यातच काय, साऱ्या पुण्यात ही गोष्ट ठामपणे ठाऊक असलेला एकटा माणूस आपला नायक आहे. सात फेऱ्या तो सर्वांना माहीत असलेली गोष्ट सर्वांना सांगत फिरला. आठव्या फेरीत, दुपारी, महालातून "काका, मला वाचवा" ही हाक येत असताना त्याने त्या दिशेला धावायचे नाही आणि गंगाबाईंच्या महालाशी कोणता पहारेकरी आहे ते पाहायला जायचे. कारकुनाला त्या उंबरठ्याच्या आत जाता येत नाही, म्हणून तो बाहेरच उभा राहील. दोरा करणारी वृद्धा तेथेच बसलेली असेल, तिची चौदावी गाठ मारून होईल, आणि ती उठून आत जाईल.